वचन पाठ, ग्रंथ कोरा

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन आज आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतून भिंतीवर आहे, दिनदर्शिकेवर आहे, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर आहे आणि दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या कंपासपेटीतही आहे. देवाच्या मनात आपल्याविषयी जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय. शब्बाथशाळेच्या एका पाठांतर-स्पर्धेत पंधरा वर्षांच्या मुलीने ते वचन अस्खलित म्हटले, तेव्हा परीक्षकाच्या खुर्चीवरून आम्ही तिला सहज विचारले, "हे कोणी कोणाला लिहिले?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "देवाने मला." मंडळीने टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र त्या टाळ्यांनी अस्वस्थ झालो. मुलीचे उत्तर श्रद्धेचे होते, यात शंका नाही. पण ज्या पत्रातून ते वचन उचलले ते पत्र तिला कोणी कधी वाचूनच दाखवले नव्हते, हेही त्या उत्तरात स्पष्ट होते.

ते पत्र यरुशलेमेहून धरून बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिले. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना गोड बातमी देतो की दोन वर्षांत सर्व काही पूर्ववत होईल. यिर्मया त्याच्या उलट लिहितो. घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. मुलांमुलींची लग्ने करा. आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. मग दहाव्या वचनात तो काळ सांगतो : सत्तर वर्षे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. अकरावे वचन येते ते यानंतर. ते झटपट यशाचे आश्वासन नाही. परक्या नगरात आयुष्य काढावे लागणाऱ्या माणसांना, त्यांच्या नातवंडांच्या भरवशावर दिलेला तो धीर आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या वाचकांना या पत्राचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मूळ गाव दुसरीकडे, घर इथे, भाषा घरात एक आणि बाजारात दुसरी, हे ज्यांचे रोजचे जगणे आहे त्यांच्या मुलांना संपूर्ण शास्त्रात इतके जवळचे पान दुसरे सापडणार नाही. आणि नेमके तेच पान आम्ही त्यांच्यापासून दूर ठेवले. पूर्ण पत्रातले एक वचन कापून त्यांच्या हाती दिले आणि बक्षीस म्हणून पेन दिले.

आमचे म्हणणे या लेखात एवढेच आहे आणि ते आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. बारा ते सतरा या वयाच्या मुलांना आम्ही पवित्र शास्त्र शिकवत नाही. शास्त्राचे तुकडे, शास्त्राची चित्रे आणि शास्त्राची तात्पर्ये शिकवतो. आणि मुले मोठी होऊन शास्त्रापासून दूर गेली की दोष मोबाइलला, इंग्रजी शाळेला आणि काळाला देतो.

आधी तुकड्यांचे पाहू. वचनांना आकडे आहेत म्हणून वचन हे स्वतंत्र नाणे आहे, असा समज आमच्यात रूढ आहे. पण हे आकडे ना यिर्मयाने घातले, ना पौलाने. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची असून ती स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मपंडिताच्या नावाने सांगितली जाते. नव्या करारातील आजचे वचनांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने 1551 साली छापले. जागा चटकन सापडावी म्हणून केलेली ती सोय होती. मैलाच्या दगडांमुळे रस्त्याचे तुकडे पडत नाहीत. आम्ही मात्र मुलांना रस्त्यावरून चालू न देता एकेक दगड उपटून हातात देत आलो आहोत. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन, सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे सर्व काही करण्यास मी शक्तिमान आहे अशा अर्थाचे, क्रीडास्पर्धेच्या आधी मुलांकडून म्हणवून घेतात. त्याच्या आधीची दोनच वचने वाचली तर कळते की पौल जिंकण्याविषयी बोलतच नाही. तृप्त असणे आणि उपाशी असणे, विपुलता आणि टंचाई, या दोन्ही अवस्थांत समाधानी राहण्याचे रहस्य आपण शिकलो, असे तो सांगतो. आणि हे तो बेड्यांत असताना लिहितो. शर्यतीत शेवटचा आलेल्या मुलाला त्या वचनाची खरी गरज असते. पण तो समजतो की वचन खोटे ठरले.

पाठांतराला आमचा विरोध नाही. दृष्टी गेलेल्या, कान मंदावलेल्या वृद्धा शेवटच्या आजारात तेविसावे स्तोत्र ओठांवर घेऊन पडून राहिल्याचे आम्ही पाहिले आहे. लहानपणी पाठ केलेले तेवढेच त्या वेळी उरते. पण त्या पिढीने ते स्तोत्र रोज संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत, मागच्या-पुढच्या स्तोत्रांसह, वर्षानुवर्षे ऐकले होते. त्यांचे पाठांतर वाचनाच्या पोटी जन्मले होते. आज पाठांतर वाचनाच्या जागी येऊन बसले आहे, आणि आमची तक्रार त्याविषयी आहे.

दुसरी गोष्ट चित्रांची. योनाचे पुस्तक पाच वर्षांच्या मुलाला माशासाठी सांगावे, हे ठीक. पंधराव्या वर्षीही त्याला मासाच आठवत असेल तर चूक कोणाची? चार अध्यायांच्या त्या पुस्तकात मासा अगदी थोडक्या वचनांत येऊन जातो. खरी कथा नंतर आहे. निनवे हे अश्शूरांचे, म्हणजे शत्रूचे नगर. योनाच्या उपदेशाने ते पश्चात्ताप करते, देव त्याचा नाश टाळतो, आणि संदेष्ट्याला आनंद होण्याऐवजी राग येतो. शत्रू वाचला म्हणून त्याला मरण बरे वाटते. पुस्तकाचा शेवट उत्तराने होत नाही, देवाच्या प्रश्नाने होतो : ज्यांना उजव्याडाव्या हाताचा भेद कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे, आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्या मोठ्या नगराची मी कीव करू नये काय? योनाने काय उत्तर दिले, हे पुस्तक सांगत नाही.

सीमाभागात राहणाऱ्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवून पाहावा. फलकावरील लिपीवरून दगडफेक झालेली ज्यांनी पाहिली आहे, पलीकडच्या भाषेच्या माणसाविषयी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून काय निघते हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना योना कोण हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही हा प्रश्न किशोरवयीन मुलांच्या एका लहान गटात विचारला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, "योनाचा राग मला समजतो." त्या वाक्यात जो प्रामाणिकपणा होता तो शंभर पाठ वचनांत आम्हांला मिळाला नव्हता. शास्त्र त्या दिवशी त्या मुलाशी बोलले; रंगीत मासा दाखवून ते घडले नसते.

तिसरी गोष्ट तात्पर्याची. दाखला वाचायचा आणि लगेच खाली 'यावरून आपण काय शिकलो' हे लिहून द्यायचे, ही आमची रीत. वस्तुतः येशूचे दाखले ऐकणाऱ्याला कोड्यात टाकण्यासाठी आहेत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला घ्या. चाकराला राजाचे दहा हजार टॅलंट देणे आहे. त्याच्या सोबतीच्या चाकराला त्याचे शंभर दिनार. 'क्षमा करावी' हे तात्पर्य सांगून आम्ही मोकळे होतो. त्याऐवजी मुलांना कागदपेन्सिल द्यावी. एक दिनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. एक टॅलंट सुमारे सहा हजार दिनारांचा. म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, दुसरे शंभर दिवसांच्या. सहा कोटी दिवस म्हणजे किती वर्षे? एक लाख चौसष्ट हजारांच्या वर. मुले हा आकडा काढतात आणि हसतात, कारण तो चाकर राजाला म्हणतो, "मला वेळ द्या, सर्व फेडीन." त्या हसण्यात दाखला उलगडतो. आणि हसून झाल्यावर मुलांच्या हेही लक्षात येते की दुसरे कर्ज खोटे नव्हते. शंभर दिवसांची मजुरी ही गरिबाला लहान रक्कम नाही. ज्याने आपल्याला खरोखरच दुखावले त्याला क्षमा करणे इतके अवघड का, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतात.

आणि प्रश्न म्हटला की आम्ही बिचकतो, हे मूळ दुखणे आहे. अब्राहामाने इसहाकाला अर्पण करण्यासाठी वेदीवर बांधले, ती उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील कथा चालू असताना एका चौदा वर्षांच्या मुलाने विचारले, "इसहाकाला घरी गेल्यावर बापाची भीती वाटली नसेल का?" शिक्षकांनी त्याला उद्धट ठरवून खाली बसवले. तो मुलगा पुढे शब्बाथशाळेत फार दिवस आला नाही. वास्तविक शतकानुशतके यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकार या अध्यायापुढे थबकले आहेत. मुलाचा प्रश्न त्या थोर परंपरेत शोभणारा होता. उत्तर ठाऊक नव्हते तर 'ठाऊक नाही, आपण मिळून पुन्हा वाचू' असे म्हणता आले असते.

ज्यांना वाटते की प्रश्नांनी श्रद्धा ढळते त्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. ईयोब देवाशी भांडतो, जाब मागतो, जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे तीन मित्र देवाची बाजू घेऊन तयार उत्तरे देतात. बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा कोप होतो तो त्या तीन मित्रांवर. ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा देवाचा निवाडा आहे. आमच्या वर्गातील शिक्षक कोणाच्या पंक्तीला बसतात, याचा विचार त्यांनीच करावा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी दिलाशाची ओळ नाही. ज्या मुलाच्या घरी मृत्यू झाला आहे, ज्याचा बाप पितो, त्याला हे स्तोत्र शास्त्रात आहे एवढे कळले तरी आधार असतो. आम्ही ते त्याला दाखवत नाही, कारण ते भित्तिपत्रकावर शोभत नाही.

लूकाच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या बालपणाचा एकच प्रसंग सविस्तर आला आहे. तो बारा वर्षांचा आहे आणि मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न विचारतो आहे. बारा वर्षांच्या मुलाचे शास्त्राशी नाते कसे असावे, याचा याहून स्पष्ट दाखला कोणाला हवा आहे?

आपल्या भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाचा उगमही प्रश्नातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ कसा सुरू होतो? मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या पाद्री-गुरूला नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? स्टीफन्स यांनी त्याला गप्प बसवले नाही. त्याच्या भाषेत, त्याच्या ओवीत, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत सलग कथा सांगितली. त्यांनी वचनांची चिठ्ठी दिली नाही, पुराण दिले. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, तरीही हे पुराण हस्तलिखितांतून टिकले आणि 1907 साली मंगळूर येथे पुन्हा छापले गेले. लोकांना ते कळत होते, आवडत होते, म्हणून ते टिकले.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगाव येथे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922 साली मृत्यूपूर्वी ते हातावेगळे केले आणि ते 1924 साली प्रसिद्ध झाले. आधीची भाषांतरे असताना हा खटाटोप का? साध्या बायकांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. नारायण वामन टिळकांचे ख्रिस्तायन 1919 साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले. बेळगावात 1831 साली जन्मलेल्या बाबा पद्मनजींनी मिशनच्या शाळेत शास्त्राशी ओळख झाल्यावर कित्येक वर्षे शंका, वाद आणि वाचन यांत घालवली आणि 1854 साली बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र अशा वाचणाऱ्या आणि विचारणाऱ्या तरुणाचे आहे. या सर्वांचे वारस म्हणवणारे आम्ही मुलांपुढे वचनांच्या चिठ्ठ्या टाकतो!

येथे भाषेचा आक्षेप येईल. मुले इंग्रजी, कन्नड वा हिंदी शाळेत जातात, त्यांना मराठी शास्त्र जड जाते, इंग्रजीतली सोपी बालआवृत्तीच बरी, असे पालक म्हणतात. मराठी जुनी आणि जड आहे हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या भाषेत आजीने प्रार्थना केली, ज्या भाषेत घरात मयताच्या वेळी शास्त्र वाचले जाते, ती भाषा मुलाला परकी झाली की उपासनाही परकी होते. उपाय सोपा आहे. जुने पवित्र शास्त्र आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' दोन्ही शेजारी ठेवा. ज्यांना हवे त्यांनी इंग्रजीही उघडावे. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य वेगळे का दिसते, यावर मुले आपोआप बोलू लागतात. जुन्या भाषांतराचा कानामात्राही हलता कामा नये, असे मानणाऱ्या ज्येष्ठांना आमची विनंती आहे की रमाबाईंनीही तसेच मानले असते तर त्यांचे भाषांतर झालेच नसते.

दुसरा आक्षेप आमच्या हिंदू स्नेह्यांकडून येईल : हा तुमच्या घरातला प्रश्न, वाङ्मय मंडळाच्या पत्रिकेत कशाला? आम्ही कोणाच्या मुलाला त्याच्या आईबापांच्या इच्छेविरुद्ध काही शिकवू पाहत नाही. परंतु ज्ञानेश्वरी जशी केवळ वारकऱ्यांची नाही, तसे ख्रिस्तपुराण आणि 'स्मृतिचित्रे' केवळ ख्रिस्ती लोकांची नाहीत. शिवाय गीतेच्या पाठांतर-स्पर्धेत अध्यायच्या अध्याय म्हणणाऱ्या मुलाला 'अर्जुन नेमका कशाने खचला?' असे एकदा विचारून पाहावे. रोग एकच आहे असे आम्हांला वाटते.

मग करावे काय? आम्ही मोठ्या योजना सुचवत नाही. मुलांना प्रथम हे सांगावे की हा एक ग्रंथ नसून ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट आवृत्तीत सहासष्ट आणि कॅथलिक आवृत्तीत त्र्याहत्तर पुस्तके. त्यांत कायदा आहे, इतिहास आहे, गीते आहेत, पत्रे आहेत, आणि पत्र हे कायद्यासारखे वाचायचे नसते. मग एक पूर्ण पुस्तक घ्यावे. रूथचे चार अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचून होतात : दुष्काळामुळे परमुलखात गेलेले कुटुंब, तिथेच झालेली मुलांची लग्ने, आणि परजातीची सून. मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय सुमारे दीड तासात आळीपाळीने वाचून होतात. ज्या घरी शक्य असेल त्या घरी जमावे. वाचताना कोणी मध्ये निरूपण करू नये. वाचून झाल्यावर मुलांनी प्रश्न लिहावेत आणि मोठ्यांनी निदान पहिला अर्धा तास उत्तरे देऊ नयेत.

आणि काही लपवू नये. मार्कच्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत शेवटची बारा वचने नाहीत. तिथे शुभवर्तमान रिकाम्या कबरेपासून भिऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी थांबते. ही गोष्ट पुष्कळ आवृत्त्यांत तळटीपेत छापलेली आहे. ती मुलाला आमच्याकडून कळली तर त्याला शास्त्र कसे जपले गेले हे कळते. उद्या ती त्याला मोबाइलवर एखाद्या टवाळखोराकडून कळली तर त्याला एवढेच वाटेल की घरच्यांनी आपल्याला फसवले.

ती पंधरा वर्षांची मुलगी आता त्या गटात येते. यिर्मयाचे पत्र तिने पूर्ण वाचले. वाचून झाल्यावर तिने वही मिटली आणि विचारले, "म्हणजे ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकले ते परत गेलेच नाहीत?" आम्ही म्हणालो, "बहुतेक नाहीत." ती म्हणाली, "तरी त्यांनी मळे लावले." वचन तिला अजूनही पाठ आहे. टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीने एकदा ते पत्र वाचावे, एवढीच आमची मागणी आहे.